हिराबाईच्या होडीवरील इस्पिक

पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पानासाठी अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत तीन दिवस हिंडलेला मनुष्य माझ्यापूर्वी या किनाऱ्यावर झाला असेल, असे मला वाटत नाही. या रस्त्याने लोक समुद्रस्नानासाठी जातात, हरिहरेश्वराला अभिषेकासाठी जातात, सुपारीच्या खरेदीसाठी जातात. मी गेलो तो इस्पिकच्या एक्क्याची कुळकथा शोधण्यासाठी. परतल्यावर अनेकांनी विचारले की यात पाहण्यासारखे काय होते. त्यांच्यासाठी हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. गेली सव्वीस वर्षे तालुक्याच्या कचेरीसमोर माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण लोकांच्या अडचणींनी दिले. माझ्या हातचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात, हे कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल.

नारळी पौर्णिमेला नऊ दिवस उरले असताना हिराबाई माझ्याकडे आल्या. आमच्याच किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात त्यांचे घर आहे. गावाचे नाव देत नाही, कारण त्या लोकांना पुढेही एकाच पाण्यात राहायचे आहे. पती वारल्यापासून त्या समुद्रावर जाणारा पगारी तांडेल ठेवून स्वतःची होडी चालवितात. होडी लहान, जाळे डोलीचे. म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीत त्यात मासळी येऊ द्यायची. ज्या ठिकाणी खुंट, ती त्या घराची जागा.

त्यांच्या हातात गावच्या मच्छीमार मंडळाची नोटीस होती. नोटिशीत दोन ठराव होते. पहिला असा, की पौर्णिमेपूर्वी सर्व होड्यांना एकच निळा रंग लावून एकच शंखाचे चिन्ह काढावे, आणि जुगाराची खूण असलेले इस्पिक हिराबाईंनी आपल्या होडीवरून पुसावे. दुसरा असा, की समुद्रातल्या ज्या जागांचा हक्क कोणी दाखवू शकणार नाही, त्या चिठ्ठ्या टाकून नव्याने वाटाव्यात.

"भाऊ, निशाणी मी पुसनार न्हाय," हिराबाई म्हणाल्या. "मालक जाताना सांगून गेले, हिरा, इस्पिक पुसू नको. का ते त्यांना सांगाया झालं न्हाय. म्हनले, आत्याला विचार. आत्या शिरवर्धनला हाय."

"आणि जागेचे काय म्हणणे आहे?"

"जागेवर तर माझं घर चाललंय. ती गेली तर होडी चुलीत घालायची. दुसरं काय."

मी त्यांना सांगितले की चिन्हाचा प्रश्न वेगळा आणि जागेचा वेगळा. एका वेळी एकच मुद्दा हाताळला तर साहेबांचे डोके शांत राहते. प्रथम चिन्ह वाचवू. त्यांनी मान हलविली. मी लगेच मंडळाच्या नावे एक प्राथमिक खुलासा लिहिला, त्यावर त्यांची सही घेतली, तो सादर केला आणि सविस्तर पुराव्यासाठी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मुदत मिळाली. इस्पिक ही जुगाऱ्याची खूण नसून तिला थोर परंपरा आहे, हे पुराव्यानिशी दाखविण्याचे मी मनाशी ठरविले होते. आत्याबाईंची भेट मी शेवटी ठेवली. म्हाताऱ्या माणसाची आठवण पुराव्याच्या क्रमात शेवटीच येते.

कोर्लई

निघण्याआधी वाचनालयात बसून मी टिपणे काढली होती. चार रंगांची मूळ चिन्हे आज आपण पाहतो ती नव्हेत. पूर्वेकडून पत्ते युरोपात गेले तेव्हा त्यांवर पेले, नाणी, सोटे आणि तलवारी होत्या. दर्यावरून आलेल्या फिरंग्यांच्या देशी पुढे पाने बदलली, तरी तेथे इस्पिकला तलवारच म्हणत राहिले. शेजारच्या देशात तिचा भाला झाला, आणखी एका देशात झाडाचे पान झाले. पेले धर्मगुरूंचे, नाणी व्यापाऱ्यांची, सोटे कष्टकऱ्यांचे आणि तलवार सरदारांची, असाही एक अर्थ लावलेला आढळतो. आपल्याकडे मात्र गौरीच्या जागरणात बदाम सात मांडून बदामाला पहिला मान देतात आणि इस्पिकच्या राणीला काळतोंडी म्हणून हातातून घालविण्याची घाई करतात. हा अन्याय आहे, असे मी टिपणाखाली लिहिले.

रेवदंड्याच्या पुलाअलीकडे एस.टी. बिघडली म्हणून मी पूल पायी ओलांडू लागलो. कुंडलिकेच्या मुखावरचा वारा काय असतो हे मला परक्या माणसासारखे शिकावे लागले. छत्री उलटी झाली ती झालीच, टिपणांची दोन पाने भिजून शाई पसरली. धर्मगुरू आणि व्यापारी वाहून गेले. सरदार तेवढे शाबूत राहिले. हा मी शुभशकुन मानला.

कोर्लईच्या गावात पोर्तुगिजांच्या वेळेपासूनची ख्रिस्ती वस्ती आहे. तेथील लोक मराठी आपल्यासारखीच बोलतात, पण घरात आपसांत त्यांची वेगळी भाषा चालते. दारासमोर क्रूस आणि त्याच्यामागे शेवग्याचे झाड, असे दृश्य आमच्या रोह्याकडच्या भातखाचरांत वाढलेल्या माणसाला नवे होते. पास्कू नावाचे सत्तरीचे गृहस्थ ओसरीवर एकटेच पत्ते मांडून बसले होते. मी माझा परिचय दिला. त्यांनी खुर्चीवरची मांजर उठवून मला बसविले.

"इस्पिक म्हणता ना," त्यांनी एक्का काढून माझ्यापुढे ठेवला. "आमचा आजा ह्याला तलवारच म्हणायचा. मी पोर असताना विचारलं, बाबा, ह्यात तलवार कुठं दिसते? तर म्हणाला, तुला दिसायची गरज नाही, लागली म्हणजे कळेल."

हे वाक्य मी तत्काळ लिहून घेतले. माझ्या सिद्धांताला तोंडी आधार मिळाला होता.

"तुम्ही त्या बाईच्या होडीसाठी एवढं लांब आलात?" पास्कूंनी विचारले.

"पुरावा बसल्या जागी मिळत नाही."

"पण होडी तर तिकडे आहे."

मी त्यांना समजावून सांगितले की मूळ कळल्याशिवाय शाखेचा निवाडा करता येत नाही. त्यांनी पुन्हा पत्ते पिसले. दुपारी त्यांच्या सुनेने बांगड्याचे कालवण केले होते. माझा श्रावण असल्यामुळे मी नम्रपणे नकार दिला, तेव्हा तिने वेगळी बटाट्याची भाजी टाकली आणि पाव दिला. भाजीत व्हिनेगर होते. आमच्याकडे बटाट्याला आंबट लागले तर गृहिणी माफी मागते. येथे ते मुद्दाम घालतात, आणि मी दोनदा मागून घेतली. निरोप घेताना पास्कू म्हणाले, "अर्जात आमच्या आजाचं नाव घालू नका हं. तो पत्त्यांत फार लबाडी करायचा."

संध्याकाळच्या आधी किल्ला पाहावा म्हणून चढू लागलो. शेवाळलेल्या पायऱ्यांवर माझा पाय सरकला आणि मी ज्या जागी बसलो तेथून दोन्ही बाजूंचे पाणी एकाच वेळी दिसत होते, म्हणून काही वेळ तेथेच बसून राहिलो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. मध्ये ही डोंगराची अरुंद जीभ. समुद्राचा रंग त्या दिवशी ओल्या मातीसारखा होता. सगळा एकसारखा. त्यात कोणाची जागा कोणती, हे होडीवाले कसे ओळखत असतील, असा विचार त्या वेळी मनात आला होता. मी तो टिपला नाही.

मुरुड

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुडला पोहोचलो. जुन्या बाजारपेठेत उस्मानचाचांचे शिवणकामाचे दुकान आहे. त्यांच्याकडे गोल पत्ते आहेत असे मला अलिबागेतच कळले होते. चाचांनी हातातली सलवार पूर्ण शिवून होईपर्यंत माझ्याशी अवाक्षर काढले नाही. आमच्या व्यवसायात समोरचा माणूस बोलत असताना आपण लिहितो; त्यांच्या व्यवसायात मशीन चालू असताना कोणी बोलत नाही. दोन्ही रीती योग्यच आहेत.

मग त्यांनी कपाटातून एक सुपारीचा डबा काढला. आत गंजिफाची सात-आठ गोल पाने होती. लाखेचा रंग उडालेला, कडा झिजलेल्या. एका पानावर बारीक वाकड्या रेषा होत्या.

"ही शमशेर," चाचा म्हणाले. "आमच्या वालिदांच्या वेळी पुरा संच होता. भावाभावांनी वाटून घेतला, तेव्हापासून कोणालाच खेळता येत नाही."

माझ्या मनातली साखळी पूर्ण झाली. पूर्वेची तलवार पश्चिमेला गेली, तेथून जहाजात बसून काळे पान होऊन आमच्या किनाऱ्यावर परत आली आणि एका शूर कोळ्याच्या होडीवर विराजमान झाली. मी चाचांना ही संपूर्ण साखळी ऐकविली. त्यांनी चहा मागविला.

"सब ठीक आहे," ते म्हणाले. "पण एक सांगा. त्या बाईच्या सासरच्यांनी हेच पान का घेतलं? लाल होती, बदाम होता. माणूस आपल्या होडीवर रंगीत नाही काढणार?"

"शौर्याचे प्रतीक म्हणून घेतले असणार."

"साहेब, शूर माणूस पानं निवडत नाही. जे हातात येतं ते खेळतो."

मी या म्हणण्याचा विचार केला आणि ते लिहून घेतले नाही. माझ्या मते चाचांना इतिहासाची दृष्टी कमी होती. आज मी कबूल करतो की त्या तीन दिवसांत माझ्याशी बोललेल्या पुरुषांपैकी विषयाच्या सर्वांत जवळ तेच आले होते.

दुपारी आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली. बोटीवर एस.टी.चे प्रवासी, दोन टेम्पो, एक नवरा-नवरी आणि बांधलेली बकरी असा समाज होता. उजवीकडे दूरवर जंजिऱ्याच्या भिंती पावसाच्या पडद्यातून काही क्षण दिसल्या. मी टेम्पोच्या आडोशाला उभा राहून सविस्तर निवेदनाचा मसुदा पूर्ण केला. चार पाने झाली. असे निवेदन माझ्या टेबलावर पूर्वी कधी झाले नव्हते, हे मला लिहितानाच जाणवत होते.

श्रीवर्धन

श्रीवर्धनात शिरताना सुपारीच्या वाड्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर सावली धरतात. झाडे इतकी सरळ आणि इतकी जवळ की पाऊससुद्धा त्यांच्यामधून रांगेने खाली येतो. आमच्याकडे आंबा, फणस हवे तसे पसरतात. येथे प्रत्येक झाडाला आपल्या वाट्याचे आकाश नेमून दिलेले दिसते. रात्री वाडीतल्या एका घरी मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यात गेलो.

पार्वतीआत्या म्हणजे हिराबाईंच्या सासऱ्यांची धाकटी बहीण. वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही. त्या पडवीत पाय पसरून फाटलेले जाळे विणत होत्या. मी हिराबाईंचे नाव सांगताच त्यांनी सुई थांबविली.

"हिरी बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत. मी त्यांच्यातर्फे कामासाठी आलो आहे."

"आधी जेव."

तांदळाची भाकरी, आंबाड्याची भाजी आणि बाजूला भाजलेले सुकट वाढले. मी श्रावण सांगितला. त्या हसल्या. "आमचा श्रावण दर्याच पालतो बाबा. तो होड्या सोडील तवा ताजी मासली. तोवर वालवलेलं खातो, ह्योच आमचा उपास." मी सुकट बाजूला सारले, भाकरी तीन खाल्ल्या.

जेवणानंतर मी चार पानांचे निवेदन वाचून दाखविले. तलवार, भाला, पेले, सरदार, शमशेर. आत्या ऐकत होत्या, बोटे चालू होती. मी एका ठिकाणी थांबलो तर म्हणाल्या, "वाच, वाच. चांगलं वाचतोस." मग संदर्भ पूर्ण व्हावा म्हणून मंडळाला आधीच दिलेल्या प्राथमिक खुलाशाची प्रतही वाचली. तिच्यात शेवटी असे वाक्य होते : सदर चिन्ह केवळ शोभेचे असून त्याचा कोणत्याही हक्काशी वा जागेशी काडीमात्र संबंध नाही.

आत्यांनी जाळे खाली ठेवले.

"हे कोनी लिवलं?"

"मी."

"हिरीने सांगितलं तुला असं लिवाया?"

"नाही. ही लिहिण्याची पद्धत आहे. समोरच्या पक्षाला आपल्यापासून भय नाही असे दाखविले की तो सैल पडतो. असे वाक्य मी प्रत्येक अर्जात घालतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसे त्या पाहत होत्या.

"तुमच्या गावाला शेताची हद्द कशी कलते?"

"बांध असतो. कोपऱ्याला दगड असतो. शिवाय सातबारा असतो."

"दर्याला सातबारा न्हाय. दगड टाकशील तर बुडंल." त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. "माझ्या म्हायेरी, हिरीच्या गावात, डोलीच्या चार जागा, चार घरं. दरसाल पुनवेला भांडान. डोकी फुटायची. खुंट तुझा का माझा. माझ्या आज्याने एकदा सगल्यांना देवलात बशिवलं. लिवून ठेवायचं तर अक्षर कोनाला येत नव्हतं. पत्ते मात्र सगल्यांना येत. त्याने चार एक्के देवीपुढं पालथे टाकले. म्हनला, उचला. जो पत्ता ज्याला आला तो त्याने होडीवर काढायचा, आनि त्या पत्त्याची जागा त्याची. कायमची. खाडीच्या तोंडाला बदाम, वालूच्या दांड्याला चौकट, मधी किलवर. आनि खडकाच्या अंगाला इस्पिक."

"आणि तुमच्या आजोबांना इस्पिक आले."

"आलं. घरी येऊन आजी रडली. खडकाच्या अंगाला जालं फाटायचं, ती जागा कोनाला नको व्हती. आज्या म्हनला, देवीने दिलं ते काढायचं. डांबराने काढलं, लांबून दिसंल एवढं."

माझ्या हातातली चार पाने मी घडी करून पिशवीत ठेवली. चाचांचे वाक्य आता मला पूर्णपणे समजले होते.

"मग बाकीच्या तीन होड्यांवर चिन्हे का नाहीत?" मी विचारले.

"पुसली. पुसली म्हंजे जागा सोडली, अशी रीत. बदामवाल्यांनी होडी इकली, पुसली. किलवरवाला मुंबईला गेला. चौकट पुसली दामूच्या बापाने, मोठी बोट घेतली तवा. तीन जागांवर आता गाल बसलाय, मासली लागत न्हाय. ऱ्हायली खडकाअंगची. आता ती सगल्यांना पायजे." त्यांनी सुई जाळ्यातून काढली. "हिरीच्या नवऱ्याला मी सांगितलं व्हतं. त्याला वाटलं, सांगू बायकोला सावकाश."

दामू म्हणजे दामूशेठ, गावच्या मंडळाचे अध्यक्ष, हे मी नोटिशीवरून जाणत होतो.

आता माझी स्थिती पाहा. हिराबाईंचा जागेवरचा एकमेव पुरावा होते ते इस्पिक, आणि त्यांच्याच सहीने मी मंडळाला लिहून दिले होते की इस्पिकचा जागेशी संबंध नाही. मंडळाची सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आदल्या दिवशी मनात होते की काम आटोपून हरिहरेश्वरी जाऊन प्रदक्षिणा घालावी. तो बेत तेथेच सोडला.

"आत्या, तुम्हाला माझ्याबरोबर यावे लागेल," मी म्हणालो.

"मना बोटीत पोटात मलमल व्हते."

"आपण कोळीण आहात."

"होडीत न्हाय होत. ती यष्टी बोटीत घालतात ना, तिच्यात होते." तरी त्या उठल्या आणि लुगडे बदलायला आत गेल्या.

परत गावी

फेरीबोटीवर आत्या एस.टी.तून खाली उतरून कठड्याशी उभ्या राहिल्या आणि संपूर्ण खाडीभर पाण्याकडे बोट दाखवून मला सांगत राहिल्या, येथे ओढ आहे, येथे दगड आहे, येथे त्यांच्या मामाचे जाळे गेले होते. मला पाणीच दिसत होते. तीन दिवसांपूर्वी मी मान हलवून टिपण काढण्याचा देखावा केला असता. या वेळी मी पुन्हा पुन्हा विचारले, आणि त्यांनी न कंटाळता सांगितले.

सभा देवळाच्या मंडपात भरली. तीस-चाळीस माणसे होती. हिराबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. देवळाकडे येताना मी त्यांना सर्व सांगितले होते, माझ्या वाक्यासकट. त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "आता तुमीच निस्तरा भाऊ." दामूशेठ पन्नाशीचे, बर्फाचा कारखाना आणि दोन ट्रॉलर असलेले, बोलण्यात व्यवस्थित. त्यांनी आत्यांना खुर्ची दिली. आत्या खाली बसल्या.

आत्यांनी चार एक्क्यांची हकीकत सांगितली. मंडपात कुजबूज झाली. मागून एक जण म्हणाला, "म्हातारीला शिकवून आनलंय." दुसरा म्हणाला, "पत्त्यांवर दर्या वाटला व्हय? मंग लग्नंबी पत्त्यांवर लावा." हशा झाला.

आत्या हशा संपेपर्यंत थांबल्या. मग त्या फक्त अध्यक्षांशी बोलल्या.

"दाम्या, तुझ्या बापाने चौकट पुसली ती ह्याच देवलाफुडं. नारल फोडला. रॉकेलचा बोला तुझ्या हातात व्हता, आनि तू रडत व्हतास, का तर लाल रंग तुला आवडायचा. खोटं असंल तर सांग."

दामूशेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खोटं नाही आत्या," ते म्हणाले. "व्हता."

मला वाटले, काम झाले. पण दामूशेठ नियमाने चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी फायलीतून कागद काढला. "पण हे बघा. हिरावहिनींनी आठ दिवसांपूर्वी स्वतः लिहून दिलंय की निशाणी शोभेची, जागेशी संबंध नाही. आत्या सांगतात एक, कागद सांगतो दुसरं. मंडळाने कागद धरायचा की तोंड?"

हा प्रश्न अत्यंत योग्य होता. त्यांच्या जागी मी असतो तर हाच विचारला असता. मी उभा राहिलो.

"अध्यक्षमहाराज, कागदावर सही हिराबाईंची आहे, पण ते वाक्य त्यांचे नाही. ते त्यांनी सांगितले नाही आणि मी त्यांना वाचूनही दाखविले नाही. आत्यांना विचारा असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी आधी कोर्लईला गेलो, मग मुरुडला गेलो, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्याकडे शेवटी गेलो. वाक्य माझे आहे आणि चूकही माझी आहे."

"रायटर, सगल्यांच्या अर्जात ह्येच घालता काय?" मागच्याने विचारले.

"होय."

"माझ्या गोठ्याच्या अर्जात?"

"त्यातही असेल. उद्या या, पाहून देतो."

पुन्हा हशा झाला, पण या वेळचा हशा वेगळा होता. त्यात मला बसायला थोडी जागा होती. दामूशेठ हसले नाहीत. त्यांनी तो खुलासा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मग खोडा. पण बाईच्या नावाने खोडू नका. तुमच्या नावाने खोडा."

सव्वीस वर्षांत मी हजारो कागद लिहिले. प्रत्येकाच्या तळाशी दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याची सही, दुसऱ्याचा अंगठा. मी त्या वाक्यावर एक सरळ रेघ ओढली, समासात लिहिले, "हे वाक्य अर्जदाराचे नसून लेखकाचे आहे, सबब खोडले," आणि खाली माझे पूर्ण नाव लिहिले. मग चार पानांचे निवेदन पिशवीतच राहू दिले आणि कोऱ्या कागदावर आत्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत, त्या सांगतील तशी, उतरून घेतली. पाऊण पान झाले. तलवारीचा उल्लेख त्यात नाही. दामूशेठनी साक्षीदार म्हणून सही केली आणि खाली लिहिले : चौकट आमच्या घराची होती. दुसरा ठराव मागे घेतला गेला. पहिला राहिला, फक्त हिराबाईंच्या होडीवर शंखाबरोबर इस्पिकही ठेवण्याचा अपवाद करून.

पौर्णिमेच्या सकाळी हिराबाईंची होडी निळ्या रंगात, शंखासह, पाण्यात गेली. शंखाच्या शेजारी दोन्ही अंगांना त्यांनी डांबराने इस्पिक नव्याने काढले होते. काढताना मी देठाच्या आकाराविषयी काही सुचवू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

नारळ सोडून झाल्यावर सगळ्या होड्या एका मागून एक बाहेर पडल्या. आत्या आणि मी वाळूवर उभे होतो. बाहेर गेल्यावर सर्व होड्या एकाच निळ्या रंगाच्या, एकसारख्या दिसू लागल्या. त्यांच्यावरचे नोंदणीचे क्रमांक मला वाचता येईनात, मग शंखही दिसेनासे झाले. खडकाच्या अंगाला एक होडी वळली आणि थांबली. तिच्या कडेवरचा काळा ठिपका मला स्पष्ट दिसत होता.

"लागली जाग्यावर," आत्या म्हणाल्या, आणि घराकडे वळल्या.